आक्का माझी कोण लागते

माझ्या आईला वर्तमानपत्रवाल्यांनी तीनदा मारलं. एकानं मानमोडीच्या तापात मारलं. एकानं मला जन्म देता देता मारलं. तिसऱ्यानं नुसतं 'बालपणीच मातृछत्र हरपले' असं लिहिलं, कशानं हरपलं ते सांगायचीही त्याला गरज वाटली नाही. या तिन्ही वेळी माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळण हलवत बसली होती.

नटी चंदनाबाई पोरकी, हे आमच्या धंद्यातलं चलनी नाणं आहे. लोकांना पोरकी नटी आवडते. मागं कुणी नसलेली बाई तिकीट काढून बघायला बरी वाटते. मी पोरकी नव्हते. मला आई होती. ही माझी आई असं चार माणसांत एकदा मोठ्यानं म्हणायला मिळावं, एवढीच माझी खटपट होती. नाव झालं, हार पडले, बोलपट आले, ते सगळं आपोआप होत गेलं. ही एक गोष्ट होईना. होत नव्हती ती एका शब्दामुळं. तो शब्द मीच बोलले, आणि खरा बोलले.

बेळगावजवळच्या वडगावात आमचं घर मागाचं. घर आईच्या बापाचं. माझा बाप यल्लाप्पा सासऱ्याच्या मागावर बसून साड्या विणायचा आणि मी सुताच्या कांड्या भरायची. आई घरात सगळ्यांत थोरली. पाठचे तीन भाऊ तिला आक्का म्हणायचे, शेजारच्या मागावरची माणसं आक्का म्हणायची, माझा बापसुद्धा मला म्हणायचा, आक्का कुठं गेली बघ. पोर ऐकतं ते बोलतं. मीही आक्काच म्हणायला लागले. आमच्या भागात यात कुणाला काही वाटत नाही. कितीतरी घरांतली पोरं आईला आक्का म्हणतात, कुणी काकू म्हणतात, कुणी वैनी. आई हे तिथं नातं आहे, हाक नाही. नातं कुणी रोज हाक मारून सांगत बसत नाही.

मानमोडीच्या तापाची साथ आली आणि घर निम्मं झालं. आजा गेला, दोन मामा गेले, बाप गेला. बापाला उचलला तेव्हा मागावर अर्धी साडी होती. उरलेल्या बसवंतमामानं ती पुढं विणून पुरी केली. बापाचा हात कुठं संपला आणि मामाचा कुठं लागला, ते मी त्या साडीत शोधलं. सापडलं नाही. बापाचं मला एवढंच आठवतं. मी रडले नाही. घरात रडणारी इतकी होती की माझी पाळी आली नाही.

मग मामीला आमची दोन तोंडं जड झाली. ती तसं म्हणाली नाही, ताटात दाखवलं. आक्कानं बोचकं बांधलं आणि आम्ही निपाणीकडं जाणाऱ्या एका गाडीत बसलो.

निपाणीत आप्पाण्णा शेटजींची वखार होती. माणूस वाईट नव्हता. बायकांशी मराठीत बोलायचा, हमालांशी कन्नडात, आणि रागवायचा दोन्हींत. आम्हाला राहायला वखारीमागं खोली दिली. पायाखाली मुंगी आली तर शेटजी बाजूला व्हायचे. आमच्या छातीत काय जात होतं ते त्यांना दिसत नव्हतं, ते मुंगीपेक्षा बारीक होतं.

बायका तंबाखू कुटायच्या आणि चाळायच्या. तोंडाला फडकं बांधायच्या, पण फडक्यातनंही तिची पूड आत जायची. नवी बाई आली की दिवसभर शिंकायची. शिंकून शिंकून तिला उलटी व्हायची. बाकीच्या हसायच्या आणि म्हणायच्या, पाहुणी हाय अजून. मग एक दिवस तिच्या शिंका थांबायच्या. त्या दिवशी वखारीतली सगळ्यात जुनी बाई, लक्ष्मीबाई, तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. शिंका थांबल्या म्हणजे बाई वखारीची झाली. आक्काला तिचा गूळ आल्या आल्या काही दिवसांतच मिळाला होता.

माझ्या शिंका थांबल्या तेव्हा मी पोत्यांच्या तोंडाशी बसून काड्या वेचत होते. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. लक्ष्मीबाईच्या आलं. ती आक्काला ओरडून म्हणाली, "दुर्गे, तुझी पोरगी मुरली गं." आणि माझ्या हातावर गूळ ठेवला. मला आनंद झाला, गूळ रोज कोण देतंय. तेवढ्यात आक्का पलीकडनं उठून आली. तिनं माझ्या हातातला खडा घेतला आणि दाराबाहेर फेकून दिला. कुत्र्यानं खाल्ला. लक्ष्मीबाई त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याशी बोलली नाही. मीही आक्काशी बोलले नाही, गुळासाठी.

त्याच आठवड्यात मी भाकरी जाळली. तव्यापुढं बसले होते आणि भाकरी काळी ठिक्कर झाली तरी मला कळलं नाही. आक्का धावत आली. मला वाटलं आता मारणार. तिनं ती भाकरी उचलून माझ्या नाकाशी धरली.

"काय येतंय?"

"काय न्हाय."

"नीट बघ. काय तरी येत आसंल."

"न्हाय."

तिनं भाकरी खाली ठेवली. मग माझं नाक हातानं पुसलं, जसं काही वर लागलेलं निघून जाईल. ते गेलं नाही. आज इतकी वर्षं झाली, मला अत्तराचा वास येत नाही आणि गटाराचाही येत नाही. लोक हळहळतात. मला काही वाटत नाही.

त्या सुगीनंतर निपाणीत राजाबाईंची नाटक मंडळी उतरली. सगळ्या बायकाच. राजाबाई सातारकडच्या, अंगानं दणकट, मिशी लावून राजाचं काम करायच्या. गावात बोलणं झालं की त्यांची एक पोरगी वयात आली, पोराच्या कामाला शोभत नाही, आता दुसरी बघताहेत. ते वखारीत पोचलं. दुसऱ्या दिवशी आक्कानं माझी वेणी घातली, तोंड धुतलं आणि मला मंडळीच्या बिऱ्हाडी नेलं.

राजाबाई पाटावर बसून पायाला तेल चोळून घेत होत्या. त्यांनी मला वळायला सांगितलं, चालायला सांगितलं, ओरडायला सांगितलं. मी ओरडले. बाहेर बांधलेला बैल उठून उभा राहिला. राजाबाई हसल्या. मग त्यांनी आपला एकच नियम सांगितला. आई असलेली पोर त्या घेत नसत. आया मागनं येतात, दाराशी बसून रडतात, ऐन खेळाच्या दिवशी पोरीला घेऊन जातात. पूर्वी दोनदा त्यांच्या खेळाचं त्यानं वाटोळं झालं होतं.

मग त्यांनी आक्काकडं बोट करून मला विचारलं, "ही तुझी कोण?"

मी म्हटलं, "आक्का."

"थोरली बहीण. बरं. आणि आईबाप?"

मी आक्काकडं बघितलं. ती लहानपणीच लग्न होऊन बाई झालेली. तेव्हा तिची पंचविशी कशीबशी उलटली असेल. बहीण म्हणून खपण्यासारखीच दिसत होती. ती राजाबाईंच्या पायाकडं बघत म्हणाली, "बाप मानमोडीत गेला."

एवढंच. राजाबाईंनी पुढचं स्वतःच धरलं. जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि म्हणाल्या, राहू दे पोरगी.

बाहेर आल्यावर आक्का माझ्यापुढं उकिडवी बसली. माझ्या पोलक्याचा बंद सुटला नव्हता तरी तिनं सोडून परत बांधला.

"मला आक्काच म्हनायचं," ती म्हणाली. "दुसरं काय म्हनायचं न्हाय."

"मी आक्काच म्हंतो की."

"व्हय. म्हनूनच सांगतो. मी खोटं काय बोललो न्हाय, ध्यानात ठेव."

आणि ती वखारीकडं चालायला लागली. मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं ती मागं वळून बघेल, म्हणजे मला रडता येईल. ती वळली नाही. मग मीही आत गेले.

आमच्या भागात बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मंडळीतल्या सातारी-पुणेरी बायकांना हे कळलं आणि त्यांची करमणूक झाली. मला दिवसभर कुठं गेली होतीस विचारायच्या आणि मी 'गेलतो' म्हटलं की एकमेकींच्या अंगावर पडायच्या. राजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या पुरुषवेशातल्या निम्म्या बायका ऐन रंगात 'मी आले' म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि पिटातनं शिट्ट्या यायच्या. राजाबाई म्हणाल्या, ही पोर झोपेतसुद्धा चुकायची नाही, हिला राजपुत्र करा. माझं बायाक्का हे नाव त्यांना नाटकाला जड वाटलं. चिकोडी-निपाणी पट्ट्यात जैन आश्रयदाते पुष्कळ, म्हणून त्यांनी जैन कथांतलं नाव घेऊन मला चंदना केलं. जिला वास येत नाही तिचं नाव चंदना.

पहिल्या तालमीत मला पहिलंच वाक्य होतं, "आई, मी आलो." राणीचं काम मालुबाईकडं होतं. मी धावत गेले, तिला मिठी मारली आणि म्हटलं, "आक्का, मी आलो." सगळी तालीम हसली. राजाबाईंनी थोबाडीत दिली. परत केलं, परत आक्का. तिसऱ्यांदा परत थोबाडीत. शेवटी मला कोपऱ्यात उभं करून नुसतं 'आई, आई' म्हणायला लावलं, पाढे म्हणतात तसं. आई हा शब्द मी असा पाठ केला. पोरं तो बोलायला लागतानाच शिकतात. मला तो मार खाऊन आला, आणि तो मालुबाईचा होता.

मंडळी संकेश्वरला असो, चिकोडीला असो, बेळगावला असो, आक्का सणाला एकदा भेटायला यायची. कधी भुईमुगाच्या शेंगा आणायची, कधी नुसतीच यायची. ती बिऱ्हाडात पाय ठेवायची आणि बायका शिंकायला लागायच्या. तिच्या लुगड्यात, केसांत, नखांत तंबाखू मुरलेली. मालुबाई नाकाला पदर लावून म्हणायची, "चंदे, तुझी बहीण आली की सगळ्या मंडळीला पडसं होतं बघ." आक्कासुद्धा हसायची. मग अंगणात लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. तिथं तेवढी मीच एक न शिंकणारी.

वाचायला मी हँडबिलांवरनं शिकले. शिकवलं कुणी नाही. खेळाच्या गावात भिंतींना कागद चिकटवायचं काम आम्हा लहान पोरींकडं असे, आणि रोज तेच कागद बघून अक्षरं जुळायला लागली. राजाबाईंचं नाव मोठ्या ठशात असायचं. खाली माझं नाव लागायला लागलं, त्याच्यापुढं एक शब्द होता तो मला लागेना. मालुबाईला विचारलं. ती म्हणाली, "मातृहीन. म्हणजे तुला आई नाही. नशीब काढलंस. माझी दर चार महिन्यांनी येते आणि माझ्या कानातलं काढून नेते."

मी तो कागद भिंतीवरनं ओला ओला काढला. दुसरा चिकटवायला लागलाच. आक्का पुढच्या वेळी आली तेव्हा मी तिला सांगितलं, की गावभर भिंतींवर लिहिलंय मला आई नाही.

ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "लिहू दे की. मला कुटं वाचाय येतंय."

मला ऐकून राग यायला पाहिजे होता. आला नाही. राग मला फार उशिरा आला, आणि आला तो जायचं नाव घेत नाही. तोवर नुसतं बधिर होतं सगळं, नाकासारखं. खेळात मी रडायची ते पाणी खरं असायचं. प्रेक्षकांतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मला आत काही होत नसे. कुठल्या वाक्याला पाणी काढायचं ते ठाऊक होतं, तिथं ते यायचं.

बोलपट आले आणि मंडळ्या बसल्या. राजाबाईंची मंडळी मोडली. मी कोल्हापूरला गेले, काम मिळालं, आणखी मिळालं. घर केलं. आक्काला तिथं आणलं. शेजारीपाजारी विचारायला लागले, बहीण का? मी तोंड उघडायच्या आत ती व्हय म्हणून मोकळी व्हायची. थोडे दिवस राहिली आणि बोचकं बांधलं. मी अडवलं तर हसून म्हणाली, भनीच्या घरी किती दिस ऱ्हायाचं बाई, लोक काय म्हंतील. आणि परत निपाणीला, त्याच वखारीमागच्या खोलीत. आप्पाण्णा शेटजी तोवर वारले होते, त्यांचा मुलगा जिनपाल गादीवर होता. चाळण तीच.

लढाईच्या दिवसांत बेळगावकरांनी माझा सत्कार ठरवला. आपल्या वडगावची पोर म्हणून. मी निपाणीला जाऊन आक्काला घेतलं. मोटार कोळशाच्या गॅसवरची, चढ आला की माणसांना खाली उतरवायची. चढावर आक्का थांबत थांबत चालत होती, छाती वाजत होती. उतरलो बेळगावात, अनगोळच्या एका ओळखीच्या घरी. दुपारी तिचे केस विंचरताना मी तिला सांगून टाकलं, की आज सभेत मी सांगणार.

"काय सांगनार?"

"तू माझी कोण ते."

तिनं माझ्या हातातली फणी काढून घेतली. "सांगू नगंस."

"का?"

"भनीनं दिली तर लोक म्हंत्यात, बिचारीला जड झालं आसंल. आईनं दिली तर काय म्हंत्यात, तुला ठावं हाय."

"काय म्हंत्यात?"

"विकली म्हंत्यात."

मी विचारलं, "विकलीस काय?"

ती चिडली नाही. "न्हाय," म्हणाली. "पर हे मी किती जनास्नी सांगत फिरू?"

मी तिला वचन दिलं नाही. तिनं मागितलंही नाही. फणीतले केस काढून गुंडाळी केली आणि खिडकीबाहेर टाकली.

सभेला गर्दी झाली. स्टेजवर माझ्या शेजारी राजाबाईंना बसवलं होतं. त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, एका कानानं ऐकू येत नव्हतं, पण बसल्या होत्या अजून राजासारख्या, गुडघ्यावर हात ठेवून. अध्यक्ष पुण्याकडनं आलेले. त्यांनी भाषण केलं. आईविना वाढलेल्या या कळीनं, असं सुरू केलं आणि त्या कळीवरच बराच वेळ फिरत राहिले. बायकांच्या बाजूला आक्का बसली होती. तिच्या दोन्ही अंगांच्या बायका शिंकत होत्या. ती मान खाली घालून पदराशी खेळत होती.

मला बोलायला उठवलं. मी भाषण पाठ केलं होतं. ते म्हटलं नाही. नुसती हाक मारली.

"आई."

माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, त्यासाठी मी मार खाल्लाय. बायकांच्या बाजूला किती डोकी वर झाली. आपल्याला कोण बोलावतंय म्हणून बघणाऱ्या त्या सगळ्या आया. आक्कानंही मान वर केली. तिनं डावीकडच्या बाईकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग मागं वळून बघितलं. कुणाची आई, ते ती शोधत होती. तिला जन्मात कुणी त्या शब्दानं हाक मारली नव्हती.

मी तिथं उभी राहून हे बघितलं. एवढी वर्षं मला वाटत होतं, हा शब्द एकदा म्हटला की सगळं होईल. शब्द माणसांवरनं गेला आणि भिंतीला लागला.

मग मी म्हटलं, "आक्का, ऊठ."

ती उठली. विचार न करता उठली, घरात कुणी हाक मारल्यावर उठतात तशी. उठल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि ती परत बसायला लागली. मी म्हटलं, "बसू नगंस. ही माझी आई हाय. आमच्यात आईला आक्का म्हंत्यात. मी पोरकी न्हाय, कधी नव्हतो." घोटून घोटून बसवलेलं 'नाही' आणि 'नव्हते' तोंडातनं कुठं गळून पडलं कळलं नाही.

अध्यक्ष टाळी वाजवायची की नाही म्हणून हात हवेत धरून बसले. पण वडगाव-शहापूरच्या बायका तिथं पुष्कळ होत्या, त्यांना सांगावं लागलं नाही. एक मागनं म्हणाली, आमची पोरं बी आक्काच म्हंत्यात की. त्यावर हशा झाला, चांगला हशा. आक्का त्या हशात उभी होती, डोक्यावरनं पदर पुढं ओढून.

राजाबाईंनी चांगला कान माझ्याकडं केला. "ती बहीण ना गं तुझी?"

"बहीण तुम्ही म्हणालात, बाई. मी आक्का म्हणाले होते."

त्या म्हणाल्या, "आई आहे म्हटलं असतंस तर मी तुला घेतली नसती."

"म्हणूनच ती गप्प बसली."

राजाबाईंनी पाणी मागितलं. सगळं पिऊन भांडं माझ्याच हातात दिलं.

आक्का निपाणीत उतरल्यावर एवढंच म्हणाली, लई मोठ्यांदा बोललीस. दुसऱ्या दिवशी चाळण घेऊन बसली.

आणि तिनं सांगितलं होतं तसंच झालं. पुढच्या आठवड्यात एका पत्रानं छापलं, की नटी चंदनाबाईला लहानपणी सख्ख्या आईनंच नाटक कंपनीला देऊन टाकलं होतं. 'देऊन टाकलं' याचा वाचणाऱ्यांनी लावायचा तो अर्थ लावला. वखारीत कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. लक्ष्मीबाई असती तर तिनं त्यांची तोंडं बंद केली असती, ती मरून गेली होती. नव्या बायका आक्काशेजारी बसेनात. पोर विकलेली म्हणायला लागल्या, आडून नाही, तोंडावर. पोरकी नटी सगळ्यांना चालत होती. आई असलेली नटी निघाली तर आईला शिव्या. मला सांगा, या लोकांना बाईचं नेमकं काय पाहिजे असतं. मी त्या सभेत बोलले त्याची माफी मागत नाही. माफी त्यांनी मागावी. ते मागणार नाहीत.

मी निपाणीला गेले तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. मी म्हटलं, तू म्हणाली होतीस तसंच झालं. ती व्हय म्हणाली. फुंकणीनं जाळ केला, खोकली, बराच वेळ खोकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "परवा जिनपाल शेटनं इचारलं, चंदनाबाई तुझी कोन?"

"मग?"

"लेक, म्हटलं."

हे तिनं पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. मी काही बोलायच्या आधी तिनं कांदा माझ्यापुढं ढकलला आणि चीर म्हणाली. मी चिरला. डोळ्यांना पाणी आलं. ते कांद्याचं होतं.

गेल्या थंडीत ती गेली. छातीत काही उरलं नव्हतं. मी तिथं होते. रडले नाही. जमलेल्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, एवढी मोठी नटी, आता कशी रडते बघू. त्यांचे पैसे वाया गेले. वखारीतल्या ज्या बायका तिला पोर विकलेली म्हणाल्या होत्या, त्याच तिला न्हाऊ घालायला आल्या. आल्या म्हणून मी त्यांना हाकललं नाही. तिचं रोजचं लुगडं त्या धुवायला नेत होत्या, ते मी हातातनं काढून घेतलं. तसंच न धुता कोल्हापूरला आणलं आणि बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवलं.

परवा एक मासिकवाला आला होता. हालअपेष्टांतून वर आलेल्या स्त्रिया, असं काहीतरी काढणार म्हणत होता. खुर्चीवर बसला आणि शिंकला. परत शिंकला. रुमाल काढला, डोळे पुसले, खोलीभर बघितलं.

"बाई, तपकीर ओढता का आपण?"

"नाही," मी म्हटलं. "ती माझी आक्का आहे."

त्याला ते कळलं नाही. "थोरल्या भगिनी?"

"आई."

मी उठून खुंटीवरचं लुगडं नाकाला लावलं. मला काही आलं नाही. मागं त्याला आणखी एक शिंक आली.